हिवाळी दौऱ्याचा मुलूख : आलापल्ली

दिवाळी सरली, धान खळ्यावर आले आणि सकाळच्या उन्हात बसावेसे वाटू लागले, म्हणजे ज्या कुटुंबांच्या गाठीशी चार पैसे आणि चार दिवस असतात त्यांच्या घरी प्रवासाचा विषय निघतो; आणि अलीकडे या विषयाची व्याप्ती इतकी वाढली आहे की महाबळेश्वर, गोवा आणि जयपूर यांच्या जोडीला सेव्हिल आणि ग्रानादा ही स्पेनमधील नगरेही मध्यमवर्गीय दिवाणखान्यांतून सहज उच्चारली जातात. उत्तर युरोपातील थंडीला कंटाळलेल्या धनिकांनी एकोणिसाव्या शतकापासून स्पेनमधीलच मालागाच्या सौम्य हिवाळ्याचा आश्रय घेतला, आणि त्यांच्यातील जे केवळ उन्हाने तृप्त होईनात ते ग्रानादातील अल्हांब्राच्या भग्न प्रासादांकडे वळले. प्रवासात हवामानाबरोबर इतिहास आणि संस्कृती यांचाही लाभ व्हावा, ही अपेक्षा सर्वथा स्तुत्य आहे. परंतु ज्या मराठी गृहस्थाला ती आहे त्याने तिकिटे काढण्यापूर्वी आपल्याच राज्याच्या आग्नेय टोकावरील एका मुलखाचा विचार करावा, असे मला सुचवावयाचे आहे. कारण दीडशे वर्षांहून अधिक काळ या मुलखात बाहेरचा मनुष्य आला तो बहुधा हिवाळ्यातच आला, आणि त्या हिवाळी येण्याजाण्याचा स्वतंत्र असा इतिहास तेथे घडून गेला आहे.

हा मुलूख म्हणजे चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांचा अरण्यप्रदेश, आणि त्याचे हृदयस्थान म्हणजे अहेरी तालुक्यातील आलापल्ली हे गाव. चंद्रपूरहून गोंडपिपरी मागे टाकून आष्टीजवळ वैनगंगा ओलांडली की सागाचे रान दुतर्फा दाटू लागते, आणि शंभरावर किलोमीटरचा प्रवास संपता संपता आलापल्लीच्या चौकात रस्त्याचे फाटे फुटतात : एक पश्चिमेस प्राणहितेच्या काठच्या अहेरीस जातो, एक दक्षिणेस सिरोंचास, एक पूर्वेस भामरागडच्या डोंगरांत. या प्रदेशाच्या सीमा नद्यांनी आखून दिल्या आहेत. वर्धा आणि वैनगंगा चपराळ्यापाशी एकत्र येऊन प्राणहिता होते. ती सिरोंचाच्या खाली गोदावरीस मिळते. पूर्वेकडून येणारी इंद्रावती सोमनूर येथे गोदावरीत विलीन होते. आणि भामरागडजवळ पर्लकोटा व पामुलगौतम या नद्या इंद्रावतीला भेटतात. एवढ्या नद्यांनी वेढलेल्या प्रदेशाचे पावसाळ्यात काय होत असेल हे सांगावयास नकोच. आजही पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा इतर जगाशी असलेला संबंध तुटतो, तर पूल आणि पक्की सडक यांपैकी काहीच नव्हते त्या काळी चार महिने हा मुलूख नकाशावरून जणू पुसलाच जात असे.

पाऊस ओसरल्यावर हिवतापाची पाळी येई. सप्टेंबर-ऑक्टोबरात या रानात राहिलेला परका मनुष्य अंथरूण धरल्यावाचून परतत नसे, अशी त्या काळी ख्याती होती. आणि ती निराधार नव्हती, कारण राज्यातील हिवतापाचा सर्वाधिक उपद्रव आजही याच जिल्ह्याला आहे. पुढे मार्च लागताच चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, उन्हाळ्याचा प्रताप सुरू होई, नाले आटत आणि वणवे पेटत. अशा रीतीने पाणी, ताप आणि ऊन या तिघांनी वर्षाचे आठ महिने आपसांत वाटून घेतल्यावर बाहेरच्या माणसासाठी उरत ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने. सरकारी अंमलदाराचा दौरा, व्यापाऱ्याची खरेदी, पंडिताची शोधयात्रा आणि भाविकाची वारी या साऱ्या गोष्टी याच चार महिन्यांच्या चौकटीत बसवाव्या लागत.

नागपूरच्या तिसऱ्या रघूजी भोसल्यांच्या मृत्यूनंतर १८५४ साली त्यांचे राज्य खालसा होऊन चांदा जिल्हा कंपनी सरकारकडे आला, आणि १८६१ साली मध्य प्रांत निर्माण झाल्यावर हिवाळी दौऱ्याला नियमित कारभाराचे स्वरूप प्राप्त झाले. डेप्युटी कमिशनर, सेटलमेंटचा अंमलदार, जंगल खात्याचा अधिकारी आणि तहसीलदार यांनी थंडीचे महिने कचेरीत न घालविता मुलखात मुक्कामाने फिरावे, असा शिरस्ता होता. तंबूंचे दोन संच असत. साहेब एका मुक्कामावर फिर्यादी ऐकत असताना दुसरा संच रातोरात पुढल्या मुक्कामी रवाना होई, आणि पहाटे घोड्यावरून निघालेला साहेब तेथे पोचेपर्यंत आमराईत तंबू उभा राहून टेबलावर दौत आणि दप्तर मांडलेले असे. पेट्या वाहावयास बंड्या, बंडीची वाट संपली की माणसांचे खांदे, आणि साहेबासमोर अर्ज घेऊन उकिडवी बसलेली रयत, हा थाट एका मुक्कामावरून उचलून दुसऱ्यावर जसाच्या तसा मांडला जाई.

या थाटाचा एक खर्च होता, आणि तो सरकारी तिजोरीतून पडत नसे. साहेबाच्या लवाजम्याला लागणारे दूध, कोंबड्या, लाकूडफाटा आणि जनावरांची वैरण यांची रसद गावाने पुरवावयाची, ओझी गावाने वाहावयाची, आणि त्याचा मोबदला मिळालाच तर तो मध्यस्थ शिपायाच्या हातातून गळून उरेल तेवढा मिळावयाचा. ऐन सुगीत, जेव्हा आपले धान राखावयाचे आणि झोडावयाचे, तेव्हाच गोंड आणि माडिया गड्यांना बेगारीस धरले जाई. कारण दौऱ्याचा हंगाम आणि सुगीचा हंगाम एकच. इंग्रज अंमलदारांनी आपल्या मुक्कामांची, शिकारींची आणि नदीकाठच्या सूर्यास्तांची जी रम्य वर्णने लिहून ठेविली आहेत ती वाचताना, त्या तंबूची मेख कोणी ठोकली हा प्रश्न वाचकाने मनातून ढळू देऊ नये.

तरीही या दौऱ्यांनी कागदावर जे मागे ठेविले ते दुर्लक्षण्याजोगे नाही. आज चांद्याच्या इतिहासावर लेखणी चालविणाऱ्या कोणालाही मेजर ल्युसी स्मिथ यांच्या १८६९ च्या सुमाराच्या जमाबंदी अहवालाशिवाय, चार्ल्स ग्रँट यांनी संपादिलेल्या १८७० च्या मध्य प्रांताच्या गॅझेटियरशिवाय आणि १९०९ च्या चांदा जिल्हा गॅझेटियरशिवाय पाऊल उचलता येत नाही. निजामाकडून मिळालेल्या गोदावरीकाठच्या तालुक्यांचा १८६० साली अप्पर गोदावरी हा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला आणि सिरोंचा हे त्याचे मुख्य ठाणे ठरले. आज तालुक्याचे दूरस्थ गाव म्हणून ओळखले जाणारे सिरोंचा त्या काळी जिल्ह्याची राजधानी होते. तेथील डेप्युटी कमिशनर ग्लासफर्ड याने येथूनच बस्तर संस्थानावर आपला प्रसिद्ध अहवाल सिद्ध केला. १८७४ साली हा जिल्हा मोडला आणि सिरोंचाचा भाग चांद्याला जोडला गेला. दौऱ्यांच्या या दप्तरांतील प्रत्येक गावाची नोंद हिवाळ्यातली आहे, हे अभ्यासकाने ध्यानी ठेवावे. चिखलात रुतलेला, तापाने फणफणलेला आणि महामुश्किलीने पेरणी उरकणारा गाव त्या लेखणीच्या दृष्टीस क्वचितच पडला.

अर्थात अंमलदार येण्यापूर्वी हा प्रदेश निर्नायक होता, असे मुळीच नव्हे. बल्लारपूर आणि नंतर चांदा येथे राजधानी करून गोंड राजांनी अनेक शतके राज्य केले. चांद्याचा विशाल परकोट, त्याचे जटपुरा, पठाणपुरा, अंचलेश्वर आणि बिनबा हे चार दरवाजे, आणि राणी हिराईने आपल्या पतीच्या, बीरशहाच्या, स्मरणार्थ उभारिलेली समाधी ही त्या राजवटीची साक्ष आजही तेथे उभी आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास भोसल्यांनी ते राज्य घेतले. परंतु चांद्याच्या परकोटापासून दूर, दक्षिणेकडील रानांत राजगोंड जमीनदारांचीच सत्ता चाले, आणि त्यांत अहेरीच्या आत्राम घराण्याची जमीनदारी चांदा जिल्ह्यात सर्वांत मोठी होती. १८५८ साली मोलमपल्लीचा तरुण जमीनदार बाबूराव शेडमाके याने इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले. अडपल्ली-घोटचा व्यंकटराव त्याला येऊन मिळाला. आणि एप्रिलच्या अखेरीस प्राणहितेच्या काठी चिंचगुंडी येथे तारायंत्राच्या कामावर असलेल्या गार्टलंड आणि हॉल या दोघां इंग्रजांचा वध झाला. या बंडाचा शेवट रणांगणावर झाला नाही. डेप्युटी कमिशनर क्रिक्टन याने अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर दडपण आणून त्यांच्या माणसांकरवी बाबूरावास पकडविले, आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्याला फाशी देण्यात आली. बंडात सामील झालेल्यांच्या जप्त मुलखातील गावे लक्ष्मीबाईंना बक्षीस मिळाली. एकाच समाजातील दोन जमीनदारांच्या या दोन निवाड्यांची चर्चा अहेरीच्या परिसरात आजही थांबलेली नाही, आणि प्रवाशाने ती ऐकताना घाईने कोणाच्याही बाजूचा होऊ नये.

इंग्रजांचा या मुलखावर डोळा होता तो मुख्यतः दोन गोष्टींसाठी : नदीचा मार्ग आणि सागाचे लाकूड. गोदावरी आणि प्राणहिता यांना नौकानयनास योग्य करून वऱ्हाड-नागपूरचा कापूस थेट पूर्व किनाऱ्यास न्यावा, ही सर आर्थर कॉटन यांची महत्त्वाकांक्षा होती. नदीच्या पात्रातील खडकांचे तीन मोठे अडथळे बंधारे, कालवे आणि दारे बांधून ओलांडावयाचे, असा बेत ठरला. त्यांतील तिसरा अडथळा अहेरीच्या परिसरातील देवलमरीजवळ प्राणहितेच्या पात्रात होता. वर्षानुवर्षे हजारो मजूर तेथे राबले, तापाने आणि पटकीने मेले, आणि अखेर १८७१ साली सरकारने हे काम कायमचे थांबविले. कारण १८६७ साली मुंबईहून आगगाडी नागपुरास पोचली होती, आणि आगगाडीने आठवड्यात जाणारा कापूस नदीच्या लहरीवर सोडावयास कोणीही व्यापारी राजी नव्हता. ही योजना सिद्धीस गेली असती तर अहेरी आज बंदर असती, आणि आलापल्लीचे रान बहुधा एव्हाना उरलेही नसते.

साग मात्र पराभूत होणारा नव्हता. १८६० च्या दशकात मध्य प्रांताचे जंगल खाते कर्नल पिअर्सन यांच्या हाती आले तेव्हाच अहेरीचा साग प्रांतातील उत्तमोत्तम सागांत गणला जात होता. सरळ वाढ, दाट रेषा आणि तेलकट चिवट गाभा हे त्याचे गुण लाकडाच्या व्यापाऱ्यास दुरूनही ओळखता येतात. १८६५ आणि १८७८ च्या जंगल कायद्यांनी राखीव जंगलांची व्यवस्था लावून दिली, आणि त्यांच्या आधारे या रानाची कुपांत विभागणी झाली. कोणत्या वर्षी कोणते कूप तोडावयाचे हे कार्ययोजनेत लिहिलेले असे, आणि तोडणीचा हंगाम पुन्हा हिवाळाच. पाऊस संपला की खुणेचा हातोडा घेतलेले वनरक्षक रानात शिरत, ज्या झाडावर हातोडा उमटे ते पाडले जाई, आणि ओंडके बंड्यांतून व हत्तींकरवी डेपोत आणून थप्प्या लावून लिलाव पुकारला जाई. आलापल्लीचे गाव जे वाढले ते या व्यवहारावर : वनाधिकाऱ्यांचे बंगले, डेपो, आरागिरणी, ठेकेदारांचे मुनीम, आंध्राकडून आलेले कारागीर आणि रानातून आलेले माडिया मजूर असा संमिश्र समाज त्याच्याभोवती जमला, आणि म्हणूनच येथल्या बाजारात मराठी, गोंडी, माडिया आणि तेलुगू या बोली एकमेकींना अडखळविल्याविना नांदतात.

१९२९ साली काझीपेठ-बल्लारशा हा लोहमार्गाचा दुवा पुरा होऊन दिल्ली आणि मद्रास जोडली गेली, तेव्हा या सागाला देशभरचा बाजार खुला झाला. ज्या हत्तींनी ओंडके ओढले त्यांचे वंशज सिरोंचा वनविभागातील कमलापूरच्या हत्ती कॅम्पात आजही आहेत, आणि शासकीय हत्तींचा असा कॅम्प महाराष्ट्रात दुसरा नाही. आलापल्ली-बल्लारपूरच्या सागाची प्रतिष्ठा अद्याप अबाधित असल्याचे अलीकडेच दिसून आले : २०२३ च्या मार्चअखेर अयोध्येच्या राममंदिरासाठी येथील लाकूड बल्लारपुरातून समारंभाने पाठविण्यात आले. परंतु ज्या रानातून हे लाकूड गेले त्या रानातील माणसाला आपल्या झोपडीच्या आढ्यासाठी एक वासा तोडावयाचा झाल्यास घरगुती गरजेपुरते लाकूड घेण्याच्या निस्तार हक्काच्या कागदाकडे आणि नाक्यावरच्या शिपायाकडे पाहावे लागे, ही या व्यवहाराची दुसरी नोंद आहे.

सागाच्या आणि साऱ्याच्या मागे येणाऱ्यांबरोबर काही माणसे ज्ञानाच्या मागेही आली, आणि हिवाळी प्रवासी स्वतःला ज्यांचा वारस म्हणवून घेऊ शकेल अशी हीच परंपरा. जनरल अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७३ ते १८७५ या काळातील आपल्या मध्य प्रांताच्या दौऱ्यांत चामोर्शीजवळील मार्कंडा येथील मंदिरांचे वर्णन केले. वैनगंगा येथे वळण घेऊन उत्तरवाहिनी होते, आणि त्या वळणावर, नदीच्या उंच काठावर, एकाच प्राकारात लहानमोठ्या देवळांचा समूह उभा आहे. मुख्य मंदिराच्या शिखरावर पूर्वी केव्हातरी वीज कोसळून त्याचा भाग ढासळला. तथापि भिंतींवर जे मूर्तिकाम शिल्लक आहे ते पाहणाऱ्यास खजुराहोची आठवण व्हावी इतके सफाईदार आहे. महाशिवरात्रीस येथे मोठी यात्रा भरते, म्हणजे हिवाळा उतरणीस लागतानाच. आणि विद्वानाचा दौरा व भाविकाची वारी या दोन्ही वाटा येथे एकत्र येतात.

याहून प्राचीन इतिहास सिरोंचाच्या मातीत आहे. प्राणहितेच्या काठच्या कोटा या गावाजवळील चुनखडीत सापडलेल्या जीवाश्म-मत्स्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच भूगर्भशास्त्रज्ञांचे लक्ष वेधून घेतले होते, आणि नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी मध्य प्रांतातील जीवाश्मांचा अभ्यास करताना त्यांची दखल घेतली होती. हेच हिस्लॉप गोंडांच्या चालीरीती आणि कथागीते टिपून घेत असत. १८६३ साली नदी ओलांडताना ते बुडाले, आणि त्यांची टिपणे चीफ कमिशनर सर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली प्रसिद्ध केली. पुढे १९५८ ते १९६१ या काळात कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संशोधकांनी सिरोंचा तालुक्यातील पोचमपल्लीजवळ याच कोटा थरांतून एका प्रचंड शाकाहारी डायनोसॉरची हाडे काढली. एकट्या प्राण्याची ती नव्हती. किमान सहा प्राण्यांची सुमारे ३०० हाडे एकत्र मिळाली. रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या वर्षाची आठवण म्हणून १९७५ साली या जातीचे नाव बारापासॉरस टागोराय असे ठेवण्यात आले. त्याचा जोडलेला सांगाडा आज कोलकात्यात उभा आहे; आणि सिरोंचाजवळील वडधम येथील जीवाश्म उद्यानात पाषाण झालेल्या वृक्षांचे ओंडके त्याच भूमीवर पाहावयास मिळतात. ज्या तालुक्यात सागाचे ओंडके मोजण्यात एक शतक गेले, तेथे कोट्यवधी वर्षांपूर्वीचे ओंडके दगड होऊन पडून होते.

दौऱ्याच्या या परंपरेने आणखी एक वस्तू मागे ठेविली : विश्रामगृह. तंबूंचा खटाटोप कमी व्हावा म्हणून जंगल खात्याने आपल्या मुक्कामांच्या जागी बंगले बांधले. रुंद व्हरांडा, उंच छत, सागाची जड दारे आणि आवारात एखादा विशाल वृक्ष अशी त्यांची ठेवण. येथे मला स्पेनचे उदाहरण द्यावेसे वाटते. वॉशिंग्टन आयर्विंग हा अमेरिकन लेखक १८२९ साली अल्हांब्राच्या पडक्या प्रासादात मुक्कामास राहिला आणि १८३२ साली त्याने त्यावरील आख्यायिकांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यानंतर जगाची दृष्टी त्या वास्तूकडे वळली. पुढे स्पेनच्या सरकारने पॅराडोर नावाने प्रवाशांसाठी विश्रामस्थाने काढली. त्यांतील पहिले १९२८ साली ग्रेदोसच्या डोंगरात नव्याने बांधले गेले, आणि नंतर जुने किल्ले, मठ आणि सरदारांचे वाडे दुरुस्त करून त्यांत प्रवाशांची सोय करण्याचा क्रम पडला. अल्हांब्राच्या आवारातील जुन्या मठातही असे एक आहे. पडीक वास्तू जिवंत राहते, तिच्या उत्पन्नातून तिची डागडुजी होते, आणि प्रवासी इतिहासात अक्षरशः झोपतो व जागा होतो. आपल्याकडे चांद्याचा परकोट, बल्लारपूरचा किल्ला आणि रानातील वनविश्रामगृहे यांची अशी एक साखळी कोणी कल्पिली नाही. १९८० नंतरच्या नक्षलवादी हिंसाचाराच्या काळात रानातील कित्येक सरकारी इमारती जळाल्या आणि ज्या उरल्या त्यांच्याकडे वाकडी वाट करून जाण्याचे धैर्य बाहेरच्या माणसाला राहिले नाही, हे कारण खरे; पण ते एकमेव कारण नव्हे. उत्पन्नाची वस्तू म्हणून रानाकडे पाहण्याची सवय इतकी मुरली होती की त्याचा इतिहास हेही उत्पन्न होऊ शकते, हे कोणाच्या लक्षातच आले नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात या मुलखाचे स्वामित्व अनेकदा पालटले. १९५० च्या कायद्याने मध्य प्रदेशातील जमीनदाऱ्या नष्ट झाल्या आणि पुढल्या वर्षी अहेरीचे रान सरकारजमा झाले. १९५६ साली चांदा मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा वेगळा जिल्हा अस्तित्वात आला. या सर्व उलथापालथीत एक लहानसा निर्णय मला सर्वांत दूरदर्शी वाटतो. १९५३ साली आलापल्लीजवळील नैसर्गिक जंगलाचा एक तुकडा कुऱ्हाडीपासून कायमचा वगळण्यात आला. आकाशाला भिडलेले साग, त्यांच्या सावलीतले ऐन, बिजा आणि बांबू, वेलींचे जाळे आणि कुजून मातीस मिळालेले जुने बुंधे असे ते रान आज वनवैभव या नावाने ओळखले जाते, आणि २०१४ साली त्याला महाराष्ट्रातील पहिले जैवविविधता वारसास्थळ म्हणून मान्यता मिळाली. ज्या खात्याने शतकभर हातोडे मारले त्याच खात्याने एका जागी हातोडा खाली ठेवला. संपूर्ण अरण्य पूर्वी कसे असेल याचा अंदाज त्या एका तुकड्यावरून बांधता येतो.

दुसरी घटना २३ डिसेंबर १९७३ ची. त्या हिवाळ्यात बाबा आमटे यांनी भामरागडजवळील हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथे दवाखाना, शाळा आणि अनाथ वन्यजीवांचे आश्रयस्थान उभे केले. हिवाळ्यात येऊन हिवाळ्यातच परत जाण्याचा बाहेरच्या माणसांचा शतकभराचा रिवाज या दांपत्याने मोडला. ते पावसाळ्यातही राहिले. पुढे निस्ताराच्या याचकवृत्तीतून रानातील माणूस कायद्यानेही बाहेर पडू लागला : २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर, २००९ साली धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, आणि बांबू विकण्याचा अधिकार गावाच्या हाती आला.

प्रवाशाने येथे काय पाहावे याची यादी वरील इतिहासातच आली आहे. कसे पाहावे, एवढेच आता सांगणे उरते. हिवाळा हा येथील माणसाच्याही सणासमारंभांचा काळ आहे. धान घरी आल्यावर माडियांचे पंडुम हे सण साजरे होतात, रात्री रेला नाचाच्या फेरात स्त्रीपुरुष खांद्याला खांदा लावून नाचतात. उत्तरेकडे, वडसा-देसाईगंजपासून ब्रह्मपुरीपर्यंतच्या झाडीपट्टीत, दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्री नाटक हा क्रम दिवाळीपासून होळीपर्यंत चालतो. शेकडो गावे मंडप घालून रात्रभर जागतात, आणि या रंगभूमीचे एक ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. प्रवाशाने चंद्रपुरात परकोट आणि समाध्या पाहाव्यात, मार्कंड्याला एक सबंध दुपार द्यावी, आलापल्लीस मुक्काम करून सकाळच्या पहिल्या प्रहरी वनवैभवात पायी फिरावे, आणि नंतर एकाच दिशेची निवड करावी : नद्या, कमलापूरचे हत्ती आणि जीवाश्म हवे असतील तर सिरोंचा, माणसे आणि डोंगर हवे असतील तर हेमलकसा व भामरागड. दोन्ही दिशा एकाच फेरीत उरकण्याचा मोह धरणाऱ्याच्या हाती केवळ रस्ता लागतो. विश्रामगृहाची परवानगी वनविभागाकडून आगाऊ घ्यावी, सोबत मच्छरदाणी बाळगावी, पहाटेच्या थंडीसाठी घोंगडी विसरू नये आणि रस्त्यांची ताजी माहिती स्थानिकांना विचारल्याविना आतल्या रानात शिरू नये.

या मुलखात आजवर जे जे आले ते काहीतरी मागावयास आले : कोणी सारा, कोणी साग, कोणी बेगार, कोणी निष्ठा. पंडितही कागद भरूनच परतला. प्रवासी हा येथे येणारा बहुधा पहिलाच असा मनुष्य आहे, ज्याला या भूमीवर कोणताही हक्क सांगावयाचा नाही. आणि म्हणून त्याच्यावर एक साधी जबाबदारी येते. त्याने जेवणाचे, वाटाड्याचे आणि मोळीभर लाकडाचेही पूर्ण दाम मोजावे. देवस्थानात आणि नाचाच्या फेरात विचारल्यावाचून कॅमेरा उचलू नये. मोह, मध, बांबूची टोपली जे घ्यावयाचे ते गावाच्या आठवडी बाजारातून घ्यावे. ग्रानादाचा हिवाळा सुंदर आहे याबद्दल शंका नाही, आणि ज्याला शक्य आहे त्याने तेथेही जावे. परंतु मराठी वाचकाने हिवाळ्यासाठी जागा निवडताना निदान एक वर्ष आलापल्लीसाठी राखून ठेवावे, आणि तेथे अंमलदारासारखे नव्हे, पाहुण्यासारखे जावे.